उजाडल्यानंतरचा लिलाव

नव्वद सालच्या हिवाळ्यात चंडीगढमध्ये भाजीपाला एवढा महाग का झाला, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची कुणालाच गरज वाटत नव्हती, कारण प्रत्येकाकडे ते तयार होते. व्यापारी मंडळाचे अध्यक्ष चमनलाल गर्ग म्हणत, पंजाबातल्या दहशतीमुळे; ट्रकवाले जीव मुठीत धरून गाडी हाकतात, मग भाडे वाढणारच. विरोधी पक्षाचे शहरातले पुढारी प्रीतम भसीन म्हणत, दिल्लीमुळे. कुवेतचे निमित्त करून डिझेल महाग केले आणि दहशतीच्या आडोशाला साठेबाजांना मोकळे रान दिले. सेक्टर सतराच्या चौकात दोन्ही बाजूंच्या सभा आलटून पालटून होत आणि ऐकणारेही बहुतेक तेच असत. उन्हाला बसायला तेवढी चांगली जागा शहरात दुसरी नव्हती.

शेवटी प्रशासनाने भाववाढ चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्षपद हरकिशनसिंग ग्रेवाल या निवृत्त सनदी अधिकाऱ्यांकडे दिले. भाजी बाजाराच्या अभ्यासाचे काम विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाकडे आले, आणि विभागातून ते डॉ. विनया सबनीस यांच्याकडे आले, कारण कडाक्याच्या थंडीत पहाटे उठून मंडीत जायला दुसरे कुणी तयार नव्हते.

विनया मूळची अमरावतीची. नवरा हेरंब इथल्या वैद्यकीय संस्थेत शल्यचिकित्सक म्हणून रुजू झाला, तेव्हा दोन वर्षांसाठी म्हणून ती आली होती. आता मुलगी कांचन दहावीला होती आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नांना हिंदीत उत्तरे देत होती. शहरातली भाडी झेपेनात म्हणून त्यांनी मोहालीत घर घेतले होते. मोहाली पंजाबात, आणि रस्ता ओलांडला की चंडीगढ. मध्ये पोलिसांचा नाका. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत त्या नाक्यातून पासशिवाय कोणतेही वाहन सुटत नसे. हेरंबला आपत्कालीन विभागातून केव्हाही बोलावणे येई, त्यामुळे त्याच्या फियाटच्या काचेवर पास चिकटवलेला होता. दर शनिवारी विनया ती गाडी घेऊन अंधारातच घाऊक मंडीत जाई, लिलाव संपेपर्यंत तिथे उभी राही, कोणत्या गावचा माल किती आला ते विचारून घेई आणि उजाडायच्या सुमारास विद्यापीठात पोचे.

डिसेंबरात तिने समितीला पहिला अहवाल दिला. त्यातला निष्कर्ष सरळ होता. लिलावाला येणारा आसपासच्या गावांचा माल निम्म्याहून कमी झाला आहे. शेतकरी भीतीपोटी शहराकडे फिरकत नाहीत. माल थोडा म्हणून भाव चढे. विभागप्रमुखांनी तिच्या बारकाईचे कौतुक केले. तिच्यापेक्षा जास्त आनंद गर्गांना झाला. त्यांनी समितीकडे लगेच प्रस्ताव पाठवला: गावे येत नसतील तर गावांची वाट किती पाहायची? दिल्लीच्या मोठ्या बाजारातून पोलीस बंदोबस्तात ट्रकचे ताफे आणू द्या, त्यांचे भाडे प्रशासनाने उचलावे, आणि मंडीतले गाळे त्या मालासाठी राखून ठेवावेत. जानेवारीच्या अखेरीस सेक्टर सतरामध्ये जाहीर सुनावणी व्हायची होती आणि प्रस्ताव मंजूर होणार हे सगळे धरून चालले होते.

जानेवारीतल्या पहिल्या शनिवारी नाक्यावरच्या हवालदाराने फियाट थांबवली आणि काचेवर बॅटरी मारली.

"मॅडम, पास पुराना है। साल बदल गया।"

नव्या वर्षाचा पास संस्थेच्या कार्यालयात येऊन पडला होता. तो आणायला हेरंबला सवड झाली नव्हती. विनयाने विद्यापीठाचे ओळखपत्र दाखवले, समितीचे नाव सांगितले, शेवटी हेरंब कुठे काम करतो तेही सांगितले. हवालदार बिहारकडचा होता, सौम्य बोलणारा, पण नियमाला चिकटणारा.

"डॉक्टरसाहेब स्वतः असते तर विचार केला असता," तो म्हणाला. "तुम्हाला कोणता रुग्ण तपासायचाय? गोभी?"

तिने गाडी मागे घेतली आणि रस्त्याच्या कडेला लावली. धुके एवढे दाट होते की नाक्यावरचा कंदील म्हणजे नुसता पिवळा डाग दिसत होता. निलगिरीच्या झाडांखाली ट्रॅक्टरांना जोडलेल्या ट्रॉल्या ओळीने उभ्या होत्या, दिवे विझवून. त्या तिला नव्या नव्हत्या. दर शनिवारी जाताना डाव्या हाताला त्यांच्या काळ्या आकृत्या दिसत. खरड गावाच्या रस्त्यावर वीटभट्ट्या आहेत, तेव्हा या विटांच्या ट्रॉल्या, असे तिने पहिल्याच दिवशी ठरवून टाकले होते आणि मग तिकडे पाहायचे सोडून दिले होते.

गाडीत बसून पाय गारठले, म्हणून ती चहाच्या शोधात ओळीच्या बाजूने चालू लागली. दुसऱ्या की तिसऱ्या ट्रॉलीपाशी मेथीचा वास आला. ओल्या, नुकत्याच उपटलेल्या मेथीचा. पुढच्या ट्रॉलीशी मुळ्याचा. तिने ताडपत्रीची कड उचलून पाहिली. आत फुलकोबीचे गड्डे पानांसकट रचलेले होते.

"हात लावायचा तर घ्यावं लागेल, बीबी," वरून आवाज आला. ट्रॉलीच्या कडेवर जाड खेस पांघरून एक बाई बसली होती. तिचे नाव गुरमेल कौर. चहा तिच्याच थर्मासमधून मिळाला.

"तुम्ही इथे केव्हापासून उभ्या आहात?" विनयाने हिंदीत विचारले.

"मध्यरात्र उलटली तेव्हा निघालो. लवकर आलं की ओळीत पुढं जागा मिळते. नाका उघडला की सगळे एकदम पळतात."

"पण तोवर लिलाव संपलेला असतो."

"संपलेलाच असतो. बोली त्यांची अंधारात. आम्ही पोचतो तेव्हा मंडी झाडत असतात."

"मग हा माल?"

"मग काय, ज्याला हवा तो येतो, टाचेनं गड्डा ढकलतो, म्हणतो, एवढ्याला देतेस तर दे, नाही तर घरी घेऊन जा. घरी नेऊन करू काय? म्हशी पण कंटाळल्या आता फुलकोबीला."

"असं का होतं, असं वाटतं तुम्हाला?"

या प्रश्नावर तीन ट्रॉल्यांवरून तीन उत्तरे आली. गुरमेल कौरच्या मते आडतिये, म्हणजे मंडीतले दलाल, चोर होते. तिच्या दिराच्या मते दिल्लीवाल्यांना पंजाबला भिकेला लावायचे होते. मागच्या म्हाताऱ्याने सांगितले की यंदा बियाणेच खराब आले आहे, गड्ड्याला वजन नाही. त्यावर दोघेजण त्याला हसले आणि भांडण सुरू झाले. विनया ऐकत होती, पण तिचे लक्ष पुढेमागे पसरलेल्या ओळीकडे होते. धुक्यात तिचे दुसरे टोक दिसत नव्हते.

नाका उघडल्यावर ती ट्रॉल्यांच्या मागोमाग मंडीत गेली. इतक्या महिन्यांत प्रथमच ती उजाडल्यानंतर मंडीत उभी होती. तिला ठाऊक असलेली जागा ही नव्हे, असेच काही क्षण वाटले. लिलावाचे ओटे रिकामे होते आणि मागच्या आवारात मालाचे ढीग लागत होते. पहाटे ज्यांनी थोड्याशा मालासाठी चढाओढीने बोली लावली होती, तेच आडतिये इथे निवांत फिरत होते. कुणी कुणाशी स्पर्धा करत नव्हते. इथे घेतलेला माल दुपारी शहरभर विकला जाणार होता आणि त्याचा भाव पहाटेच्या बोलीवरून ठरलेला होता. शेतकरी आले होते. रोज येत होते. ती मात्र ते पोचण्याआधी निघून जात होती, आणि त्यांना नाक्यावर अडवणाऱ्या नियमातून स्वतः काचेवरच्या एका कागदाच्या जोरावर पार होत होती.

त्या दिवशी ती विद्यापीठात गेलीच नाही.

"म्हणजे तुझा अहवाल चुकला," संध्याकाळी हेरंब म्हणाला. तो नुकताच ड्यूटीवरून आला होता आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच पोहे खात होता.

"आकडे बरोबर आहेत. अर्थ चुकला."

"मार्चमध्ये तुझी रीडरच्या बढतीची मुलाखत आहे. तिथे हा फरक समजावून सांगायला मजा येईल."

"तू चेष्टा करतोयस की घाबरवतोयस?"

"दोन्ही थोडं थोडं." त्याने बशी खाली ठेवली. "करणार काय आहेस?"

"सुनावणीत सांगणार. लिलावाची वेळ उजाडल्यानंतरची करा. पोलिसांचा नियम आहे तसाच राहू दे, ताफे नकोत, खर्च नको. नाका उघडला की ट्रॉल्या येतील, आणि मग बोली."

हेरंबच्या आवाजातली चेष्टा गेली होती. "विनया, मी तिकडे काय पाहतो ते तुला सांगत नाही, कारण घरी आणायची ती गोष्ट नाही. पण गर्दी असलेली जागा आणि भरपूर उजेड, यांचा अर्थ माझ्या वॉर्डात वेगळा होतो. आज तुझी मंडी दोन वेळेला विभागलेली आहे. तू ती एका वेळेला, एका जागी आणणार. शेतकरी, आडतिये, हमाल, गिऱ्हाइकं, सगळे."

"हे मी धरलं नव्हतं," तिने कबूल केले. कांचन दारात येऊन दोघांकडे पाहत होती. "आप लोग गोभी पे लड़ रहे हो?" तिने विचारले. दोघेही हसले नाहीत, तेव्हा ती आत गेली.

पुढच्या आठवड्यात विनया पुन्हा पुन्हा नाक्यावर गेली. नवा पास आला होता; आपण जाताना तो तिने काचेवर लावू दिला नाही. एरवी शनिवारपुरता असलेला शिरस्ता मोडून ती मिळेल त्या सकाळी ओळीत उभी राहिली आणि मग मंडीच्या मागच्या आवारात. प्रत्येक वेळी चित्र तेच होते. हेरंबचे म्हणणे तिच्या मनातून जात नव्हते, आणि ते जावे अशी तिची इच्छाही नव्हती. एका पहाटे, ओळीत उभी असताना, पलीकडच्या शेतातून मोटारसायकलचा आवाज आला. सगळी ओळ एका क्षणात गप्प झाली. गुरमेल कौरच्या दिराने विडी विझवली. नाक्यावरच्या जवानांनी बंदुका वर केल्या. मोटारसायकल लांबून निघून गेली, दूधवाला असावा. पण तेवढ्या वेळात विनयाला कळले की ही माणसे दर रात्री, दिवे विझवून, उघड्यावर, पोलिसांच्या बंदुकीच्या तोंडासमोर तासन् तास बसतात, आणि या धोक्याची मोजदाद कुणाच्याच हिशेबात नाही. घरी आल्यावर तिने हेरंबला ते सांगितले.

"हा धोका कमी आहे असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "आजही तो आहेच. फक्त अंधारात आहे आणि दुसऱ्यांच्या वाट्याला आहे, म्हणून आपल्याला दिसत नाही. लिलाव उशिरा ठेवला तर ही माणसं घरातून उशिरा निघतील. ओळ लागणार नाही."

"आणि मंडीतली गर्दी?"

"तिथे फाटकावर तपासणी ठेवता येते. निलगिरीखाली कोण तपासणार?"

हेरंबने चष्मा पुसला. "तुझं पटलं असं नाही," तो म्हणाला. "पण तू हे सांगणारच आहेस. मग फाटकांचं आधी सांग. लिलावाचं नंतर."

सुनावणी दुपारी होती. सेक्टर सतरामधले सरकारी सभागृह भरले होते, काही लोक भिंतीला टेकून उभे होते. पहिल्या रांगेत एका टोकाला गर्ग, पांढऱ्या शालीत. दुसऱ्या टोकाला भसीन, दोन वर्तमानपत्रवाल्यांच्या मधोमध. मंचावर ग्रेवाल आणि त्यांच्या शेजारी एक पोलीस उपअधीक्षक.

आधी भसीन बोलले. कुवेत, डिझेल, दिल्ली, आणि परत डिझेल. मागून कुणीतरी म्हणाले, "भसीनजी, मेथी डिझेलवर उगवते का?" सभागृह हसले. भसीनही हसले आणि म्हणाले, "माझ्या पक्षाचं राज्य येऊ दे, पाण्यावर उगवून दाखवतो." मग गर्ग उठले. त्यांनी आवाज चढवला नाही. मारल्या गेलेल्या दोन ट्रकचालकांची नावे घेतली, त्यांच्या घरच्यांना मंडळाने काय मदत केली ते सांगितले, आणि मग विनयाचा अहवाल उचलून धरला.

"मी व्यापारी माणूस, माझं कोण ऐकणार? पण या विद्यापीठाच्या मॅडम आहेत, महाराष्ट्रातून आलेल्या. त्यांचा ना पंजाबशी वाद ना दिल्लीशी. त्यांनी लिहिलंय की शेतकरी येत नाहीत. जे येत नाहीत त्यांची वाट बघत शहरानं उपाशी राहायचं का?"

टाळ्या पडल्या. ग्रेवालांनी विनयाचे नाव पुकारले. ती उठली तेव्हा गर्गांनी तिला हात जोडले, आपल्या बाजूच्या साक्षीदाराला जोडावेत तसे.

"तो निष्कर्ष मी मागे घेते," ती म्हणाली.

तिने हेरंबने सांगितलेल्या क्रमानेच मांडले: आधी नाक्यावरची ओळ आणि तिचा धोका, मंडीच्या फाटकांवर लागणारी तपासणी, मग लिलावाची वेळ. विटांच्या ट्रॉल्यांची गोष्टही तिने गाळली नाही. मागच्या भिंतीकडून हसण्याची एक लाट आली. ती ओसरेपर्यंत ती थांबली आणि पुढे बोलली.

गर्ग पुन्हा उभे राहिले. "मॅडमजी, डिसेंबरात शेतकरी येत नव्हते. जानेवारीत येतात. मार्चमध्ये काय करतील?"

"डिसेंबरातही येत होते. मी पाहिलं नव्हतं."

"म्हणजे तेव्हाचा अहवाल खोटा?"

"अपुरा. मी अर्धी मंडी पाहिली आणि पूर्ण मंडीबद्दल लिहिलं."

"आणि आज पूर्ण पाहिली याचा भरवसा काय?"

"माझ्यावर भरवसा ठेवू नका, असंच मी सांगायला आलेय. स्वतः या."

भसीन अस्वस्थ झाले होते. त्यांनी जागेवरूनच विचारले, "पण यात दिल्लीचा दोष कुठे येतो?"

"लिलावाच्या वेळेत येत नाही."

"मग मंडळाचा? साठेबाजांचा?"

"ज्यांना दोन भावांचा फायदा मिळतो ते तो घेतात. ही वेळ त्यांनी ठरवलेली नाही. ती नाका बसण्याच्या आधीपासूनची आहे. नाका आला, वेळ कुणी बदलली नाही, एवढंच झालं."

भसीनांनी शेजारच्या वार्ताहराकडे पाहिले. त्याने पेन टोपणात घातले होते. एवढ्यानेच तिच्या लक्षात आले की या सभागृहात आपल्या बाजूने बोलणारे कुणी उरलेले नाही.

"सिमल्याचा माल कसा जायचा?" गर्ग म्हणाले. या वेळी त्यांचा प्रश्न खरा होता. "ते ट्रक उजाडायच्या आत निघाले नाहीत तर डोंगरात अडकतात. लिलाव उशिरा केला तर सिमल्याचे खरेदीदार दुसरीकडे जातील. आणि पल्लेदार, ओझी वाहणारे, त्यांना सकाळभर बसवून ठेवायचं कुणी?"

"सिमल्यापुरती बोली पहाटे राहू द्या. शहराचा माल नंतर. पल्लेदारांचा प्रश्न मात्र मला सुटलेला नाही. तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळतो."

उपअधीक्षकाने गर्दीचा मुद्दा काढला आणि तिने तो टाळला नाही. ग्रेवाल सगळा वेळ दाढीवरून हात फिरवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "डॉक्टर सबनीस, तुम्ही म्हणता स्वतः या. कधी?"

"शनिवारी. मोहालीच्या नाक्यावर, खरडच्या बाजूला. उजाडायच्या बऱ्याच आधी. आणि पास न लावता."

"माझ्या गाडीला पासची गरजच पडत नाही."

"मग कुणाच्या तरी दुसऱ्या गाडीनं या, साहेब."

भसीनांच्या बाजूच्या वार्ताहराने पेनाचे टोपण पुन्हा काढले.

शनिवारी ग्रेवाल आले, मोहालीत राहणाऱ्या पुतण्याच्या स्कूटरवर मागे बसून, पगडीवरून मफलर गुंडाळून. भसीन आले नाहीत. त्यांनी निरोप पाठवला की अंबाल्याला सभा आहे. गर्ग आले, तेही मोहालीच्याच बाजूने, आपल्या अँबॅसेडरमधून, आणि हवालदाराने त्यांना ओळखून सलाम ठोकला व अडथळा बाजूला ओढला.

"गाडी मागे घ्या, गर्गसाहेब," ग्रेवाल ओळीतून म्हणाले.

"माझ्याकडे पास आहे, जी."

"म्हणूनच."

अँबॅसेडर मागे आली आणि गुरमेल कौरच्या ट्रॉलीमागे उभी राहिली. त्यानंतर करण्यासारखे काहीच नव्हते, आणि तेच विनयाला दाखवायचे होते. ग्रेवालांनी घड्याळ पाहिले, मग पाहणे सोडले. ट्रॉल्या येत राहिल्या. दिवे विझत राहिले. एका ट्रॉलीवर तापाने फणफणलेला एक म्हातारा पडून होता. त्याला घरी ठेवायला कुणी नव्हते म्हणून आणला होता. गर्ग थोडा वेळ गाडीत बसले, मग बाहेर आले, आणि ताडपत्री उचलून त्यांनी फुलकोबीचा एक गड्डा हातात घेतला. सवयीने त्याचे वजन अजमावले.

"माल उत्तम आहे," ते म्हणाले. बोलून गेल्यावर ते काय बोलले ते त्यांच्या लक्षात आले असावे.

"उत्तम आहे तर बोलीला का नाही घेत, लालाजी?" गुरमेल कौर म्हणाली. "तुमचाच माणूस उजाडल्यावर याला गुरांचा चारा म्हणतो."

"बीबी, माझा माणूस मला सांगून म्हणतो का?"

"मग आज ऐका."

आणि त्यांनी ऐकले. नाका उघडला, ट्रॉल्या धावल्या, मंडीत पोचल्या. ओट्यांवर झाडू फिरत होता. मागच्या आवारात गर्गांच्याच पेढीवरच्या माणसाने, मालक पाठीमागे उभा आहे हे न पाहता, त्याच फुलकोबीला टाचेने ढकलले आणि पहाटेच्या बोलीच्या तिसऱ्या हिश्शाचा भाव सांगितला. गर्गांनी शाल नीट केली आणि ते फाटकाकडे चालू लागले. तिथे एक हातगाडीवाला गिऱ्हाइकांना ओरडून भाव सांगत होता. तो भाव पहाटेच्या बोलीच्याही वरचा होता आणि सगळ्यांनाच ऐकू आला.

मंडीच्या कार्यालयात ग्रेवालांनी उपअधीक्षकाला फोन लावला. बोलणे लांबले. विनया आणि गर्ग बाकावर बसून राहिले.

"पल्लेदारांचं काहीतरी करावं लागेल," गर्ग मध्येच म्हणाले, तिच्याकडे न पाहता. "दोन पाळ्या. खर्च वाढेल. मंडळात माझ्यावर ओरडतील."

"ओरडतील."

"तुम्हाला ओरडून कोण काय बोलणार? तुम्ही उद्या बदली घेऊन पुण्याला जाल."

"अमरावतीला," ती म्हणाली. "आणि जाणार नाही."

ग्रेवालांनी फोन ठेवला. त्यांचा चेहरा थकलेला होता. "एक महिना," ते म्हणाले. "सोमवारपासून. शहराचा लिलाव नाका उघडल्यावर. फाटकांवर तपासणी. उपअधीक्षक राजी नाहीत. मी माझ्या अधिकारात लिहितोय. पण त्यांनी एक गोष्ट विचारली आणि ती मला तुम्हाला विचारलीच पाहिजे. या महिन्यात त्या उजेडात, त्या गर्दीत काही झालं, तर ही सूचना कुणाची होती, असं लोक विचारतील. समितीची, असं मी लिहू शकतो. समितीच्या मागे कुणी एक माणूस दिसत नाही. तुमच्यासाठी तेच बरं."

विनयाला हेरंबचा वॉर्ड आठवला. ती तिथे एकदाच गेली होती, त्याला डबा द्यायला, आणि दारातूनच परत आली होती. तिला निलगिरीखालची गप्प झालेली ओळही आठवली. या दोन गोष्टींपैकी एक दुसरीला खोटी ठरवत नव्हती. दोन्ही खऱ्या धरूनच निर्णय घ्यायचा होता, आणि तो तिने नाक्यावर केव्हाच घेतला होता.

"माझं नाव लिहा," ती म्हणाली. "समितीचं नाव असलं की चूक झाली तर कुणीच दुरुस्त करायला येत नाही. मी रोज येणार आहे. काही चुकलं तर मला पकडता आलं पाहिजे."

"पूर्ण नाव?"

"विनया हेरंब सबनीस."

ग्रेवालांनी ते लिहिले. गर्ग उठले, आपल्या पेढीवरच्या माणसाला हाक मारत बाहेर गेले; त्यांचा आवाज चढलेला ऐकू येत होता.

विनया मागच्या आवारात आली तेव्हा गुरमेल कौरची ट्रॉली जवळजवळ रिकामी झाली होती. माल गेला होता, नेहमीच्याच भावाने. विनयाने तिला सोमवारचे सांगितले: मध्यरात्री निघू नका, उजाडताना निघा, ओट्यावर जागा मिळेल.

गुरमेल कौरने तिचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले. मग ताडपत्रीची घडी घालत म्हणाली, "आणि नाही मिळाली तर? मागून येणाऱ्याला मागचीच जागा."

"मी ओट्याजवळ उभी असेन."

"तू उभी राहून काय करशील, बीबी? तुला तर फुलकोबी आणि वीट यातला फरक कळत नव्हता."

हे तिच्यापर्यंत कसे पोचले, ते विनयाने विचारले नाही. "आता कळतो," ती म्हणाली.

दिराने ट्रॅक्टर सुरू केला. गुरमेल कौर वर चढली आणि तिने खेस आवळून घेतला. ट्रॅक्टर हलला तेव्हा म्हणाली, "सोमवारी एक ट्रॉली उजाडताना पाठवते. दुसरी मध्यरात्रीच निघेल. तू म्हणतेस ती जागा मिळाली, तर मंगळवारी दोन्ही उजाडताना."